विहिरीवरचा तवंग

शेलूबाजारच्या अलीकडे हायवेलगत एक विहीर आहे. बादली वर आली की आधी वास येतो, मग रंग दिसतो. आज तवंगात काडी फिरवून पाहिली. लोहजिवाणूंची साय असती तर तिचे काचेसारखे तुकडे झाले असते. हा तवंग फाटला आणि लगेच पुन्हा जुळला. तेलच आहे.

पलीकडे ट्रक थांबतात, जमिनीखाली डिझेलची टाकी आहे. पण जवळ आहे म्हणून तिलाच दोषी धरणं बरं नव्हे. टाकीतलं डिप रॉडचं रोजचं माप आणि विक्रीचा हिशेब जुळतो का, ते आधी बघायला हवं. आपला वाशिम जिल्हा बसलाय बेसाल्टवर, इथे पाणी खडकाच्या भेगांतून धावतं. त्यामुळे कधी टाकीशेजारची विहीर चांगली राहते आणि उताराकडची, लांबची नासते.

मला धास्ती आहे ती इंधनातल्या न दिसणाऱ्या बेंझीनची. ते पाण्यात विरघळतं, कर्करोग घडवतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे फक्त ०.०१ मिलिग्रॅम. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, बर्फात न्यायचा, नाहीतर ते वाटेतच उडून जातं. भूजल सर्वेक्षणवाल्यांकडे उद्याच अर्ज देतो. विहीरवाल्या काकूंना सांगून आलोय, तपासणी होईपर्यंत हे पाणी जनावरांनाही दाखवू नका.