तुटायची जागा

सारख्या जाडीचे दोन दोरे कोणीही बांधू शकतं. एक जाड आणि दुसरा बारीक, एक पिळाचा आणि दुसरा गुळगुळीत असला, की गाठ निसटू लागते. अशा विजोड दोऱ्यांशी माझी गाठ लहानपणीच पडली आणि पुढे ती सुटली नाही.

वडील सुटीच्या दिवशी नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकायला जायचे. हौस होती, दुसरं काही नाही. बांबूची काठी, ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा तरंगता तुकडा, डबीत गांडुळं आणि जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. पण गळ ते कधीही त्या जाड तंगुसाला बांधत नसत. शेवटची हातभर लांबी बारीक तंगुसाची असायची. माशाला दोरा दिसू नये, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण गळ पाण्याखालच्या झाडाच्या बुंध्यात अडकला तेव्हा कळलं. त्यांनी दोरा एका काटकीला गुंडाळून सरळ ओढला. बारीक तुकडा गळापाशी तुटला. भेंड, शिसं, बाकीचा दोरा सगळं परत आलं. “तुटायचंच आहे तर ते गळापाशी तुटू दे,” एवढंच ते म्हणाले.

आईचं माहेर येवल्याचं. मामांच्या घरात पैठणीचा माग होता. एक ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की मामा त्याची टोकं राच आणि फणीत तशीच ठेवत आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना जोडत. याला सांधणी म्हणतात. ती केली नाही तर सगळे धागे पुन्हा राचेतून आणि फणीतून ओवत बसावं लागतं. मामी चिमटीत दोन टोकं धरून बोलता बोलता सांधत जायची. तिच्या कामाची परीक्षा एकच होती: सांधा फणीतून सरकला पाहिजे. गाठ जाड राहिली तर ती फणीच्या दातात अडते आणि धागा तुटतो. सांधा पक्का तर हवाच, पण तो असल्याचं मागाला कळता कामा नये.

त्याच घराच्या धाब्यावर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग उडायचे. येवल्यात दोरा बांबूच्या आसारीवर गुंडाळतात. पण सगळा दोरा मांजा नसतो. सरस, रंग आणि काचेची पूड लावलेला मांजा पतंगाकडच्या बाजूला, मागे साधा सुती दोरा. मांजा महाग पडतो आणि बोटंही कापतो. ढील देताना हा जोड बोटांतून सरकतो, म्हणून तो बारीक हवा. मामेभाऊ गाठ ओली करून आवळायचा आणि दातांनी शेपूट तोडायचा. आपला पतंग कटला तरी काटाकाटी पुढे मांज्यावर झालेली असायची. शेजारच्या धाब्यावरून ‘गई बोला रे धिन्ना’चा गलका उठायचा आणि आम्ही उरलेला दोरा मुकाट्याने आसारीवर घ्यायचो.

नोकरी लागल्यावर हिमाचलातल्या तीर्थन नदीवर परवाना काढून ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग शिकले. कुल्लूच्या नद्यांत हा मासा इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणून सोडला. यात गळाला पिसं आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी असते. तिला वजन जवळजवळ नसतं, म्हणून ती फेकता येत नाही. फेकायचा असतो तो दोरा. मुद्दाम जाड आणि जड केलेला, वर प्लास्टिकचं आवरण असलेला, पंचवीस-तीस मीटरचा. तो थेट पाण्यावर आपटला तर मासा पळेल, म्हणून त्याच्या टोकाला साधारण नऊ फुटांचा, निमुळता होत जाणारा पारदर्शक लीडर जोडतात. काठीने दिलेला वेग जाड दोऱ्यातून लीडरमध्ये उतरतो, हळूहळू विरतो आणि माशी अलगद पाण्यावर टेकते. हे सगळं एका जोडावर अवलंबून. तो लुळा पडला तर वेग तिथेच संपतो आणि लीडर गोळा होऊन पडतो.

वाटाड्याने मला खिळ्याची गाठ शिकवली. दोऱ्याला समांतर खिळा धरायचा, दोन्हींवर लीडरच्या जाड टोकाचे वेढे घ्यायचे, टोक वेढ्यांखालून मागे ओवायचं, खिळा काढायचा, गाठ ओली करून आवळायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतं. वेढे दोऱ्याच्या आवरणात रुततात, म्हणून ओढ वाढते तशी पकड वाढते. मग त्याने गाठ काठीच्या कड्यांतून मागेपुढे ओढून पाहायला लावली. अडली नाही. मामीने ती फणीसाठी पास केली असती.

लीडरचं पुढचं टोक सगळ्यात कमजोर ठेवतात. मासा फार ताकदीचा निघाला किंवा माशी दगडात अडकली, तर तिथेच तुटावं. महाग दोरा वाचतो आणि पाण्यात किंवा माशाच्या तोंडात जेमतेम आखूड तुकडा राहतो. वडिलांचा बारीक तंगूस हेच काम करत होता.

नायलॉन येण्याआधी लीडर रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथी ताणून केलेल्या तंतूंचे असत. ते वापरण्याआधी भिजवावे लागत आणि वाळले की मोडत. १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यु पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या चमूने नायलॉन तयार केलं आणि ही कटकट संपली. मासे पकडणाऱ्यांनी मात्र या मजबूत दोऱ्यातही तुटायची जागा राखली.

पतंगबाजांनी ती राखली नाही. नायलॉन मांजा याच गुणावर विकला जातो की तो तुटत नाही. सुती दोरा दुचाकीस्वाराच्या गळ्याला लागला तर बहुधा तुटतो. नायलॉनचा तुटत नाही, गळा चिरतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर त्याच्यावर बंदी घातली. तरीही नाशकात दर संक्रांतीला गळे चिरल्याच्या आणि झाडांवर पक्षी लटकल्याच्या बातम्या येतातच. नांदूर मध्यमेश्वर ही पक्ष्यांची पाणथळ जागा राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झाली, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट. पक्ष्याला अडकलेला दोरा मांज्याचा की तंगुसाचा, याने फरक पडत नाही. म्हणून गळ टाकणाऱ्यांनीही तुटलेला तंगूस काठावर टाकू नये, खिशात घालून घरी आणावा.

आणि येत्या संक्रांतीला दुकानदार ‘हा तुटत नाही’ म्हणत गल्ल्याखालून रीळ काढू लागला, तर घेऊ नका, पोलिसांना कळवा. मुलांच्या हातात साधा सुती दोरा द्या. पतंग कटेल. दुसरा आणा.