पोरगा करतो काय?

मागच्या आठवड्यात अमळनेरला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या काकांनी वडिलांना नेहमीचा प्रश्न टाकला, "थोरला काय करतो सध्या?" वडील जरासे थांबले. त्यांचं ते थांबणं मला पाठ आहे, वीस वर्षं ऐकतोय. मग म्हणाले, "शिक्षणातच आहे तो." आणि वरणबट्टीकडे वळले.

त्यांचाही नाइलाज आहे म्हणा. शिक्षक म्हणावं तर नोकरी नाही, आणि समाजसेवक म्हटलेलं मला चालत नाही.

आमच्या गावात अशा वेळी साने गुरुजी मदतीला येतात. १९२४ पासून सहा वर्षं ते इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, वसतिगृहातली मुलं सांभाळत होते, आणि १९३० मध्ये नोकरी सोडून चळवळीत गेले. २००३ मध्ये मी धुळ्याची बऱ्या पगाराची नोकरी सोडली तेव्हा आईला हेच उदाहरण दिलं होतं. आई म्हणाली, "त्यांचं लग्न ठरलेलं नव्हतं." माझं ठरलं होतं! (झालंही. बायको भली निघाली. असो.)

तर शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका पावरा पाड्यावर मी जाऊन पडलो. तिथं वस्तीशाळा होती. सरकारची ही योजना तेव्हा नवीनच होती. जवळपास शाळा नसेल तिथं वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या तरुणाने मुलांना शिकवायचं, मानधन महिन्याला हजार रुपये. तिथला पोरगा बारावी झालेला, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. एका छोट्या संस्थेने मला त्याच्या मदतीला पाठवलं होतं. शिवाय दिवसभर शेळ्या राखणाऱ्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग माझ्याकडे.

मदत कोणी कोणाला केली ते सांगतो. पहिल्या दिवशी मी 'अ अननसाचा' काढला. मुलं गप्प. अननस कोणी पाहिला नव्हता हे एक, पण मुळात मी बोलत होतो ती मराठीच त्यांना परकी होती. घरी पावरी, बाजारात थोडी अहिराणी, आणि पुस्तकात ही तिसरीच भाषा. तो पोरगा मागे उभा होता. पुढे आला, पावरीत दोनच वाक्यं बोलला आणि मुलं एकदम ओरडायला लागली. त्याने त्यांना घरात काय काय आहे ते विचारलं होतं! मोह, चारोळी, कोंबडी, कुऱ्हाड. आमची बाराखडी तिथून सुरू झाली. मी वही काढली आणि मुलांकडून शब्द लिहून घ्यायला लागलो. माझे उच्चार ऐकून ती लोळायची हसून. पुढची कित्येक वर्षं संध्याकाळी माझी शिकवणी आधी व्हायची, मग त्यांची.

दिवाळी झाली की अर्धा वर्ग रिकामा. आईबाप ऊस तोडायला गुजरातेत निघाले की पोरंही ट्रकमध्ये. हजेरीपट आणि सहा-सात म्हाताऱ्या मागे. आम्ही त्या आज्यांच्या दारात बसून विनवायचो, एक तरी पोर ठेवून घ्या. एक मुलगी फार हुशार होती, तिसरीतच भागाकार करायची. धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून तिला नेलंच. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला सगळे परतले तेव्हा ती वर्गात आली आणि मागे बसली. पाटी मागितली नाही तिने. ते मला अजून नीट लिहिता येत नाही.

१ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. चांगलंच झालं. वस्तीशाळांच्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या. संस्थेचा पैसा आटला, माझा वर्ग बंद पडला आणि मी अमळनेरला परतलो. इथं शिकवण्या घेतो, शिक्षकांची शिबिरं घेतो.

आता लाजिरवाणी गोष्ट. २०१४ मध्ये वस्तीशाळांचे निमशिक्षक सेवेत कायम झाले. त्याचा फोन आला, आवाजात पेढे. मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि ओसरीवर बसून राहिलो. आपल्याला कागदाचा तुकडाही नाही, हे पहिल्यांदा टोचलं. ज्याच्याकडून सगळं शिकलो त्याचाच हेवा! चार दिवस नीट जेवलो नाही. बायकोला पोट बिघडलंय असं सांगितलं. (आज वाचेल तेव्हा कळेल.)

यंदा त्याने भोंगऱ्याला बोलावलं. धुळे, तापीचा पूल, शिरपूर, पुढे त्याच्या मोटारसायकलवर. ढोल, गर्दी, धूळ. पाड्यावरची एक आजी भेटली, आम्ही जिच्या दारात बसायचो त्यांतली. तिने माझा हात धरला आणि बरोबरच्या पाहुणीला पावरीत काहीतरी सांगितलं. मला अर्धंच कळलं. गुरुजी हसत सुटले. (त्याला मी आता गुरुजीच म्हणतो.)

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हा आपल्या पोरांबरोबर शाळेत होता."

रात्री उशिरा घरी पोचलो. आई जागी होती, कळण्याची भाकरी झाकून ठेवलेली. तिला हे सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "मंग पास व्हयना का तू?"