भरतीच्या वेळापत्रकावर

रायगड जिल्ह्याला आता विमानतळ आहे. पनवेलजवळ उलव्याला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रवासी विमानं उडू लागली. बातमी वाचून आम्हा महाड-पोलादपूरकरांना बरं वाटलं, पण आमच्या डोंगरांवरून विमानं जातात ती फार उंचावरून, न थांबता. खाली उतरतं ते हेलिकॉप्टर. तेही मंत्री आला तर, नाहीतर दरड कोसळली तर. रायगडावर तर तेही नको, असं शिवभक्तांचं म्हणणं. होळीच्या माळावर उडालेली धूळ महाराजांच्या पुतळ्यावर बसते. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद आले, तेसुद्धा रोपवेनेच गडावर गेले.

तरीही, ‘तुमच्याकडचा जुना विमानतळ कोणता?’ असं कुणी विचारलंच तर मी बेधडक सांगेन, दासगाव. विमान तिथे कधी उतरलं नाही, हे खरं. पण इथला माणूस ज्या जागेवरून आपलं जग सोडून दुसऱ्या जगात जायचा, ती जागा दासगावचं बंदर होती.

सावित्री महाबळेश्वरच्या पंचगंगेत उगम पावते. कृष्णा, कोयना, वेण्णा देशाकडे वळल्या. हिने मात्र पश्चिमेचा कडा उतरून कोकण गाठलं. पोलादपूरला ती गोट्यांवरून खळाळते. महाडला गांधारीला पोटात घेते, आणि दासगावला पोचेपर्यंत तिची खाडी झालेली असते. पुढे बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्यामधून ती समुद्राला मिळते. मुखापासून आतवर चाळीसेक किलोमीटर समुद्र रोज चालून यायचा, आणि त्याच्या पाठीवर बसून मुंबईची माणसं यायची.

विमानतळाला धावपट्टी लागते. दासगावची धावपट्टी दिवसातून दोनदा यायची आणि दोनदा निघून जायची. रोज पाऊण-एक तास उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरपूर, अष्टमीच्या भांगाला बेताचं. मोठं गलबत दासगावला थांबायचं. हलका पडाव असला तर उधाणाचा जोर धरून थेट महाडपर्यंत जायचा. त्यामुळे मुंबईला निघायचं म्हणजे आधी पंचांग बघायचं. मुहूर्तासाठी नाही, पाण्यासाठी. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतला माणूस डोक्यावर गाठोडं घेऊन पाच-सहा कोस महाडला यायचा, तिथून आणखी अडीच कोस दासगावला, आणि भरती निघून गेली असली तर बसून राहायचा. पावसाळ्यात सगळंच बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ गेला की मग पुन्हा शिडं उभी राहायची.

माल कुठला? घाटमाथ्यावरून वरंध आणि पार घाटाने बैलांचे तांडे उतरायचे. इथून मीठ आणि सुकी मासळी वर चढायची. महाडचा तांदूळ मुंबईला जायचा. वाट आजची नाही. महाडच्या वेशीवर गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. व्यापाऱ्यांची वर्दळ आणि त्यांचं दान असल्याशिवाय डोंगरात एवढी लेणी खोदली जात नाहीत.

इंग्रजांना या खाडीचं मोल लवकर कळलं. १७५६ मध्ये पेशव्यांकडून त्यांनी बाणकोटचा किल्ला मिळवला, त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं, आणि त्याबरोबर दासगावही घेतलं. पुण्यात शनिवारवाडा गाजत होता तेव्हा दासगावात कंपनी सरकार होतं! १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून हडपसरला मार खाल्लेला दुसरा बाजीराव पळत सुटला तोही महाडलाच आला. पुढे किनारा गाठून इंग्रजांच्या जहाजातून वसईला उतरला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी तहावर सही करून मोकळा झाला. पळून जाणाऱ्या राज्यकर्त्यांना विमानतळच जवळचा वाटतो, हे आपण आजही बघतो.

मग साहेब आले. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वर वसवलं आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या मडमा बाणकोटच्या खाडीत शिरू लागल्या. बोटीने दासगाव, तिथून महाड, मग पोलादपूर, आणि पुढे घाट. म्हणजे पोलादपूर हे तेव्हाचं विमान बदलायचं ठिकाण. पुण्यापर्यंत रेल्वे झाली तशी ही मंडळी हळूहळू त्या बाजूने जाऊ लागली.

पण दासगावला मी मोठं मानतो ते साहेबांमुळे नव्हे.

कंपनीच्या फौजेत या भागातले महार मोठ्या संख्येने गेले. पेन्शन घेऊन परतलेली ही माणसं लिहायला-वाचायला शिकलेली होती, कवायतीत ताठ उभी राहिलेली होती. गावात वाकायला तयार नव्हती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर अशाच फौजी परंपरेतले. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांची लेखणी १८८० च्या दशकातच चालू झाली होती. पुढे महाडला जे घडलं त्याची नांगरट या माणसांनी करून ठेवली होती.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, हे शाळेतलं पोरही सांगेल. डिसेंबरच्या सत्याग्रहाला ते आले कसे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. नेहमीचा रस्ता होता धरमतरपर्यंत बोट आणि पुढे मोटार. पण मोटारवाले ऐनवेळी ‘नेत नाही’ म्हणाले तर? दोनशेवर प्रतिनिधी वाटेतच अडकले असते. म्हणून समुद्राचा मार्ग धरला. २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने मंडळी मुंबईहून निघाली, आणि २५ तारखेच्या दुपारी दासगावला उतरली. तिथून महाड पाच मैल. ते चालत गेले. कुणाच्या बसचं, कुणाच्या मर्जीचं काम उरलं नाही.

यातली जोखीमही लक्षात घ्या. दीड महिन्यापूर्वीच, ११ नोव्हेंबरला, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. तरी माणसं बोटीत बसली. महाडात मांडवाला जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली, आणि त्याच संध्याकाळी मनुस्मृती जाळली गेली. तळ्याच्या पाण्यावर पुढे दहा वर्षं खटला चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला. गावातल्या तळ्याला विटाळ होत होता. खाडीच्या पाण्याला मात्र तो नियम कुणाला लावता आला नाही. भरती सगळ्यांना घेऊन आली.

सत्याग्रहानंतरच्याच वर्षी महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला असं म्हणतात. मग मोटारी वाढल्या, एसटी आली, महामार्ग आला, आणि बंदर कुणी बंद न करताच बंद पडलं. विमानतळ बंद होतो तेव्हा निदान सरकारी सूचना तरी निघते. इथे एक दिवस शेवटची बोट गेली असेल, आणि ती शेवटची आहे हे तिच्या तांडेलालाही माहीत नसेल.

आम्ही नदीकडे पाठ केली, ती मात्र येत राहिली. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर घरांवर आले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तोच जुना पूल वाहून गेला आणि कोकणातून मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या माणसांसकट सावित्रीत गेल्या. पूल नवा झाला, वर्षाच्या आत. २२ जुलै २०२१ ला महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं आणि तळिये गाडलं गेलं. दिल्लीपर्यंत बातमी गेली, पण पावसामुळे आणि बंद रस्त्यांमुळे मदत वेळेवर पोचेना. त्या दिवसांत हेलिकॉप्टरचा आवाज ऐकायला आम्ही आभाळाकडे कान लावून होतो.

महाडकर तेव्हापासून दोन गोष्टी मागत आहेत. नदीतला गाळ आणि बेटं काढा. आणि दासगावजवळ कोकण रेल्वेच्या भरावामुळे पुराचं पाणी अडतं, तिथे त्याला वाट करून द्या. गाळाचं काम काही प्रमाणात झालं. भरावाचा प्रश्न बैठकांतून फिरत राहिला. ज्या खाडीतून आगबोट यायची तिथून पाणी जाऊ नये, याला मी निसर्गाचा कोप म्हणणार नाही. आणि जलमार्ग ही म्हाताऱ्यांची आठवण आहे असंही कुणी समजू नये. आंबेत-म्हाप्रळचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला तेव्हा फेरीबोटच कामाला आली, आणि बाणकोटच्या तोंडाशी वेश्वी-बागमांडला फेरी आजही गाड्या पार करते.

नव्या विमानतळावरून जरूर उडा. पण मुंबई-गोवा महामार्गाने कधी गेलात तर दासगावला गाडी थांबवा आणि खाडीपर्यंत चालत जा. जाण्याआधी भरतीची वेळ तेवढी बघून घ्या.