वरवट बकालचा राजदूत

दिवाळी अंकातला प्रवास म्हणजे काश्मीर, निदान केरळ तरी, असा वाचकांचा रास्त समज आहे. माझा प्रवास शेगाव स्टेशनापासून वरवट बकालपर्यंतचा, आणि तोही एस.टी.च्या खिडकीशी बसून केलेला. तेव्हा ज्यांना बर्फ हवे असेल त्यांनी पुढची पाने उलटावीत.

शेगावी उतरून गजानन महाराजांच्या मंदिराच्या दिशेने हात जोडावेत आणि संग्रामपूरकडे जाणारी गाडी धरावी. वाटेत पूर्णा लागते. पुलापलीकडे काळी जमीन, वेचणीला आलेली कपाशी आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. नवख्याला वाटावे, इथे कशाची वाण आहे? वाण आहे ती जमिनीखाली. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठांनी खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खणली तर पाणी लागते. पण त्याचा पेला पाहुण्यापुढे करताना यजमान ओशाळतो.

या वेळी दिवाळीला गेलो तो एका जुन्या फटफटीचा निकाल लावण्यासाठी. वडील गावातल्याच शाळेत शिक्षक. १९७८ साली त्यांनी राजदूत घेतली. पोलंडमधल्या एसएचएल एम ११ या गाडीच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्सने आपल्याकडे काढलेली ही दणकट फटफटी दूधवाल्यांची तशीच मास्तरांचीही लाडकी. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या दुखण्यात गाडी चार वर्षे गोठ्यात उभी होती. धाकट्या भावाने भंगारवाल्याशी बोलून ठेवले होते. मी म्हटले, "एकदा चालू करून पाहू, मग ने म्हणावे."

किक मारून मारून माझा पाय भरून आला. प्लगला ठिणगीच नव्हती. भाऊ म्हणाला, "मॅग्नेट काढावं लागेल." इंजिनाच्या बाजूला जे जड फ्लायव्हील फिरते त्याला आमच्याकडे सगळे मॅग्नेटच म्हणतात. त्याच्या आत चुंबक असतात आणि पाठीमागे पॉईंट, कंडेन्सर, कॉईल असा सगळा विजेचा संसार. मधला नट सुटला. फ्लायव्हील मात्र हलेना.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला भेद मी झोपेतही सांगेन. पण हातात हातोडी आली की सगळे अलंकार गळून पडतात. मी त्या चाकाच्या काठावर दोन-चार घाव घातले. मग मागून पेचकस घालून उचकटू लागलो, तेवढ्यात भावाने बोलावलेले मिस्त्री दारात उभे.

"सर, काठावर कायले ठोकून राह्यले? हे काय नारळ आहे?"

वर्गात उशिरा येणाऱ्या पोराकडे मी पाहतो, तसे ते माझ्याकडे पाहत होते. मग उकिडवे बसून त्यांनी मला धडा दिला. आतला दांडा सरळ नसतो, टोकाकडे किंचित निमुळता असतो. नट आवळला की चाक त्या उतारावर दाबून बसते आणि घर्षणानेच धरून राहते. मध्ये एक अर्धचंद्राकृती चावी असते, ती फक्त जागा चुकू नये म्हणून. काठावर मारले तर चुंबकाचा जोर कमी होतो. आतला क्रँक तुकडे दाबून जुळवलेला, तो वाकडा होतो. पेचकसाने मागची कॉईल फाटते. थोडक्यात, मी पंधरा मिनिटांत करता येतील ती सगळी पापे करायला निघालो होतो.

मिस्त्रींनी आधी नट परत दोन आटे चढवला. चाक एकदम सुटले तर नटाने अडवावे आणि दांड्याचे आटेही वाचावेत म्हणून. मग तो झाकेल असा पुलर चाकाच्या मधल्या आट्यांत पूर्ण बसवला, त्याचा बोल्ट ताणून आवळला आणि त्या बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा एकच नेमका ठोका दिला. काही झाले नाही. पुन्हा आवळले, पुन्हा ठोका. नाही. सांध्यावर तेलाचे चार थेंब सोडून ते उठले.

"राहू द्या ताणात रातभर. लोखंडाले आपली घाई नाई समजत."

रात्री मला झोप लागेना. गोठ्याच्या अंधारात ते चाक ताण सोशीत बसले आहे, ही कल्पनाच चैन पडू देईना. सकाळी मिस्त्रींनी बोल्ट पाव फेरा आवळला आणि ठोका दिला. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. आई स्वयंपाकघरातून धावत आली. चाक सुटून नटावर अडले होते.

दांड्यावर तांबूस गंजाचे कडे चढले होते. मिस्त्रींनी त्यावर बोट फिरवले.

"मास्तर विहिरीच्या पाण्यानंच धुवत न गाडी?"

दर रविवारी. बादल्या मीच भरून देत असे. बाबांचा गाडीवर इतका जीव की तिच्यावर धुळीचा कण ठेवीत नसत. त्या निगेनेच खारे पाणी तिच्या सांध्यात मुरले होते.

आई बराच वेळ त्या गंजाकडे पाहत राहिली. बाबा गेले ते मूत्रपिंडाच्या विकाराने. आमच्या तालुक्यात हे दुखणे परके नाही; प्रत्येक आळीत एखादे तरी घर त्यात होरपळलेले आहे. ती हळूच म्हणाली, "लोखंडाचं असं झालं. आपण तर तेच प्यायलो."

कोणी काही बोलले नाही. मिस्त्रींनी खाली मान घालून पॉलिश पेपरने दांडा घासायला घेतला. चावी तपासली, कंडेन्सर बदलला, चाक बसवून नट आवळला. सातव्या किकला गोठा निळ्या धुराने भरला आणि फट्‌फट् आवाज सुरू झाला. भंगारवाल्याचा विषय भावाने पुन्हा काढला नाही. "पेट्रोलमध्ये ऑईल किती घालायचं?" एवढेच त्याने मिस्त्रींना विचारले.

पाडव्याला गाडीची पूजा करायची ठरली. मी सवयीने विहिरीकडे वळलो. आईने मागून हाक मारली. तिच्या हातात तांब्या होता, खांद्यावर फडके.

"थांब," ती म्हणाली. "हे नळाचं आहे. गोडं."