कॉफीतलं पाणी

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत हल्ली जी कॉफीची पाकिटं येतात ना, त्यांच्यावर आत कॉफी असेल त्यापेक्षा बाहेर मजकूर जास्त असतो. सावलीत वाढवलेली, जंगल न तोडता पिकवलेली, शेतकऱ्याला योग्य दाम देणारी, शाश्वत, समुदायाशी नातं जोडणारी वगैरे वगैरे. सगळं वाचून होईस्तोवर पाणी गार होतं. टीममधले दोघं-तिघं तर या कॉफीच्या मागे थेट चिकमगळूर आणि अराकूपर्यंत जाऊन आले. मळ्यात राहायचं, लालबुंद फळं तोडायची, फोटो काढायचे आणि सोमवारी येऊन आम्हाला दाखवायचे.

मला त्यांची थट्टा करायची नाहीये. पाकिटावरच्या त्या शब्दांमागे खरा इतिहास आहे. 1988 साली हॉलंडमध्ये 'माक्स हावेलार' नावाचं लेबल निघालं. नाव घेतलं 1860 सालच्या एका डच कादंबरीवरून. डच राजवट जावा बेटावरच्या लोकांकडून सक्तीने पिकं काढून घ्यायची, त्या पिळवणुकीवरची ती कादंबरी. लेबलाखालची पहिली कॉफी आली मेक्सिकोतल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून. पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, कॉफीचा आंतरराष्ट्रीय कोटा करार कोसळला, जगभर भाव पडले आणि किमान दाम म्हणजे काय असतं ते सगळ्यांना नीट समजलं.

आपल्याकडेही काही कमी नाही. चर्चगेटला 1936 साली पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं. पुढे 1957 च्या सुमारास कॉफी बोर्डाने ती दुकानं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या आणि कॉफी हाउसं स्वतः चालवायला घेतली. ती आजही चालू आहेत. आणि आंध्रातल्या अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या कॉफीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

तर मलाही वाटलं, आपणही अशी एक कॉफीची वारी करावी. फक्त दिशा उलटी घ्यावी. कॉफी जिथे पिकते तिथे जाऊन समुदाय शोधणं सोपं आहे. पण तुम्ही-आम्ही कॉफी पितो ती जिथे पिकत नाही तिथे. मग अशा ठिकाणच्या कपात समुदाय किती उरतो? आत्या पोलादपूरला राहते, मे महिन्यातला वीकेंड मोकळा होता. शनिवारी पहाटे स्वारगेटहून एसटी पकडली आणि ताम्हिणी, माणगाव करत महाडला उतरलो.

महाड-पोलादपुरात कॉफी का पिकत नाही, हे आधी सांगून टाकतो. महाड जवळजवळ समुद्रसपाटीला, सावित्रीच्या काठी. पोलादपूर आणखी आत, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. मागे सह्याद्रीची भिंत. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे कॉफीला हवा त्याहूनही जास्त. पण पडतो तो चार महिन्यांत. कॉफीच्या झाडाला मार्च-एप्रिलमध्ये एक वळवाची सर लागते, त्या सरीवर ते फुलतं. कोडगूत ती सर येते. इथे दिवाळीपासून मृगापर्यंत आभाळ कोरडं. महाराष्ट्रात कॉफीचे मळे बघायचे तर पार चिखलदऱ्याला, मेळघाटात जावं लागतं.

महाडच्या बाजारात एका टपरीवर बसलो आणि कॉफी मागितली. मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"कॉफी? उपास हाय का तुमचा?"

(मराठी माणूस कॉफी कधी पितो याचं इतकं अचूक मार्केट रिसर्च मी आजवर पाहिलेलं नाही :) )

नाही म्हटल्यावर त्यांनी पिशवी फोडून दूध तापवलं, एक रुपयावाल्या पुडीसारखी छोटी पुडी त्यात रिकामी केली, साखर घातली आणि वरून किसणीवर जायफळ फिरवलं. झाली कॉफी. पाकिटावाली मंडळी नाक मुरडतील, पण चव एकदम लहानपणीची.

आता आमच्या धंद्याचा दोष म्हणा. कुठलाही प्रोग्रॅम हातात आला की आम्ही आधी बघतो, हा कशाकशावर उभा आहे. एक लायब्ररी, तिच्या खाली दुसरी, तिच्या खाली तिसरी. डिपेन्डन्सी ट्री म्हणतात त्याला. तो कप समोर ठेवून मी तेच करायला बसलो.

पहिली कॉफी. पुडीत चिकोरी मिसळलेली होती. आपल्या कायद्याने 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, फक्त प्रमाण पाकिटावर लिहावं लागतं. म्हणजे नावाला कॉफी असलेल्या पुडीत जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते! ती कुणाच्या मळ्यातली, त्याला काय भाव मिळाला, पुडीवर काही नाही. इथे समुदाय शून्य.

दुसरं दूध. पिशवी गोकुळची होती. कोल्हापूर जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, स्थापना 1963. गावोगावच्या संस्थांमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घालणाऱ्या शेतकऱ्यांचा. कॉफीला जे लेबल लावायला हॉलंडला जावं लागलं, ते दुधाच्या पिशवीत आपल्याकडे पंचवीस वर्षं आधीपासून होतं. फक्त आपण ते कधी वाचलं नाही.

तिसरी साखर. मावशींच्या मागे पोतं होतं, त्यावर सांगलीकडच्या एका सहकारी कारखान्याचं नाव. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला जे 1950 साली सुरू केलं, त्याचीच ही पुढची पिढी. ऊस पिकवणारा शेतकरीच कारखान्याचा मालक. वा! पण जरा थांबा. तो ऊस तोडतं कोण? दर हिवाळ्यात बीडकडून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून येणारी जोडपी. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. फडाजवळ कोप्या बांधून राहतात आणि पट्टा पडला की परत जातात. ते काही कारखान्याचे सभासद नसतात. म्हणजे समुदाय आहे, पण त्याला कुंपणही आहे. कुंपणाच्या आतल्याला दिसतो तो सहकार, बाहेरच्याला दिसतं ते कुंपण.

चौथं जायफळ. हे मात्र कोकणचं. नारळ-सुपारीच्या बागेत, सावलीत वाढणारं झाड. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जातीही काढल्यात. सावलीत वाढवलेलं, स्थानिक, बागेतलं आंतरपीक. पाकिटावरचे निम्मे शब्द या एका जायफळाला लागू पडतात आणि ते बिचारं किसणीवर झिजून जातं.

यादी झाली असं वाटलं. मावशींनी कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास ठेवला होता तो उचलला, आणि लक्षात आलं की पाचवी गोष्ट राहिलीच. पाणी. कॉफीच्या झाडापासून मावशींच्या धुतलेल्या कपापर्यंत सगळीकडे तेच. नेदरलँड्समधल्या चापागाईन आणि हुकस्त्रा या संशोधकांनी 2003 साली हिशेब मांडला होता की एका कप कॉफीमागे सुमारे 140 लिटर पाणी लागतं, बहुतेक सगळं झाड वाढताना. पण पाण्यावर लेबल नसतं.

आणि मी बसलो होतो महाडात. तिथून चवदार तळं चालत जाण्याइतकं जवळ.

गोष्ट आपल्याला शाळेत एका ओळीत शिकवलेली असते. 20 मार्च 1927, डॉ. आंबेडकर, चवदार तळं. पण ती नीट वाचली की अंगावर येते. 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधान परिषदेने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सगळं ठीक! आमच्या भाषेत, रिलीज झालेलं होतं. पण प्रत्यक्षात वापरायला गेलं की मार बसणार. परिषदेला हजारो माणसं जमली, आणि त्यांना प्यायला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. भरलेलं तळं जवळच असताना. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग हल्ला झाला, तळं 'शुद्ध' केलं गेलं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला मार्च 1937 उजाडला. एक ओंजळ पाणी, दहा वर्षं.

तळ्याच्या काठी उन्हात बसून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कॉफी पिकवणाऱ्याला रास्त दाम मिळालं, झाडावरचे पक्षीही सुखात राहिले, आणि ती कॉफी दोन वेगळ्या ग्लासांतून विकली गेली, तर पाकिटावर 'समुदाय' लिहायचा की नाही? ही कल्पना नाहीये. दक्षिणेत कितीतरी गावांतल्या टपऱ्यांवर दोन ग्लासांची पद्धत चालत आली. आपल्याकडे बाहेर वेगळी ठेवलेली, ज्याची त्याने विसळून ठेवायची कपबशी होती. लेबल मळ्यापासून दुकानापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. कप कुणाच्या हातात जातो आणि कुणाच्या नाही, हे त्यात येत नाही.

रविवारी पोलादपूर. आत्याला विचारलं, "अगं आत्या, इथली अशी काही कॉफी असते का गं?" ती हसली आणि मला वरच्या एका वाडीत ओळखीच्या आजींकडे घेऊन गेली. आजींनी डब्यातून टाकळ्याच्या बिया काढल्या. टाकळा म्हणजे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजतो, ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात, तोच. बिया तव्यावर काळ्या होईपर्यंत भाजायच्या, कुटायच्या आणि गूळ घालून उकळायच्या. वास खरोखर कॉफीचा येतो. कॅफीन नाही, मळा नाही, पाकीट नाही. कुणीही तोडून आणावं. आमच्या पॅन्ट्रीतल्या एकूण एक विशेषणांना पुरून उरेल अशी कॉफी.

आजींनी भांडं चुलीवर ठेवलं आणि कोपऱ्यातल्या हंड्यातून पाणी घेतलं. मापून, दोन पेले. एक माझा, एक आत्याचा. स्वतःसाठी ठेवलंच नाही.

"तुम्ही नाही घेणार?"

"मला नको रे बाबा. टँकर उद्याला येतोय."

तीन हजार मिलिमीटरची वाडी, आणि मे महिन्यात टँकर. याच डोंगरांत 2021 च्या जुलैत एवढा पाऊस कोसळला की महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि तळियेत दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली. पावसाळ्यात जीव घेणारं पाणी उन्हाळ्यात हंड्याने मोजायचं. डोंगर उतरणीचा आहे, पाणी धावत सावित्रीला जातं आणि सावित्री समुद्राला. अडवून ठेवायला मधे फारसं काही नाही. 'शाश्वत' हा शब्द मी इतक्या वेळा वाचलाय, पण त्याचा अर्थ पुढच्या मे महिन्यातही हंड्यात पाणी असणं, असा कुठल्या पाकिटावर लिहिलेला पाहिला नाही.

मी तो पेला आजींना घ्यायला लावला आणि आत्याचा आम्ही दोघांत अर्धा-अर्धा केला. टाकळ्याची कॉफी कडू असते, गूळ जरा जास्त लागतो.

तेव्हा मंडळी, लेबलं जरूर वाचा. रास्त दामाची कॉफी परवडत असेल तर तीच घ्या, चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत. मीही घेतो. पण त्या यादीत आपल्यापुरते दोन प्रश्न पेनाने लिहून ठेवा. या कपातलं पाणी कुणी आणलं? आणि ते कुणाच्या वाट्याचं होतं? उत्तर प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. प्रश्न मात्र महाडला 1927 सालीच विचारून झालाय, आपण फक्त तो कॉफीच्या पाकिटापर्यंत आणायचाय.

असो. टाकळ्याच्या बियांची एक पुरचुंडी आत्याने बांधून दिली आहे. सोमवारी पॅन्ट्रीत ठेवतो. टीमने विचारलं तर सांगेन, मळा बघायला पोलादपूरला या, पण येताना पाणी घेऊन या.