नाणे खरे, अक्षर खोटे

मराठी भाषेने नाण्यांकडून बरेच काही उसने घेतले आहे आणि ते परत करायचे ती सोयिस्करपणे विसरली आहे. गवयाचा आवाज खणखणीत असतो, शब्दाला जागणारा मनुष्य बंदा रुपया असतो, नाठाळ चिरंजीव खोटे नाणे ठरतात आणि वकील नाणावलेले असतात. वर्गात हे वाक्प्रचार शिकविता शिकविता मला खऱ्याच नाण्यांचा नाद केव्हा लागला, ते सांगता येणार नाही. एवढे खरे, की आमच्या इमारतीत कोणाच्या ट्रंकेत जुने नाणे सापडले, की ते सोनाराच्या आधी माझ्याकडे येते. सोनार नुसते वजन करून देतो. मी वर भाषणही देतो, आणि तेही फुकट!

पारख शिकायची तर अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरसारखा गुरू नाही. आपल्याकडे तो क्वचित दिसतो. निघालाच तर बोटीवर नोकरी केलेल्या एखाद्या कोकणी माणसाच्या पेटीतून निघतो. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या कोरीवकाराने त्याचे ठसे केले, म्हणून तो मॉर्गन डॉलर. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली तो पाडला गेला. एका बाजूस स्वातंत्र्यदेवतेचे मुख, दुसऱ्या बाजूस पंख पसरलेला गरुड. त्या मुखासाठी मॉर्गनने ज्या अ‍ॅना विल्यम्सचा चेहरा समोर ठेवला, ती पेशाने शिक्षिका होती. मास्तरकीला चलनात एवढा भाव आला होता, हे वाचून मला बरे वाटले.

आम्ही मास्तर शंभरपैकी गुण देतो; नाण्याला मात्र सत्तरपैकी देतात. विल्यम शेल्डन याने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ही पट्टी आखली आणि पुढे ती इतर नाण्यांनाही लागू झाली. साठ व त्यावरचे गुण फक्त कधीच न वापरलेल्या नाण्याला. मॉर्गन डॉलर झिजू लागतो तो देवतेच्या कानावरच्या केसांपाशी आणि गरुडाच्या छातीवर. तिथले बारकावे सपाट झाले, की तो बाजार हिंडून आला म्हणून समजावे. ओरखडे ही गोष्ट निराळी. हे डॉलर हजार-हजारांच्या पिशव्यांत भरून ठेवीत, आणि तिथे ते एकमेकांना टोचत. म्हणजे घराबाहेर पाऊल न टाकताही अंगावर ओरखडे येऊ शकतात. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

सर्वांत फसवी ती चकाकी. न वापरलेला डॉलर दिव्याखाली हळूहळू कलता करावा. त्याच्यावरचा प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासून पुसून लख्ख केलेल्या नाण्याची चकाकी एका जागी बसून राहते. वर्षानुवर्षांचा काळसरपणा हा नाण्याचा मळ नव्हे, ते त्याचे वय आहे. वय खरवडून काढले, की जाणता गिऱ्हाईक पाठ फिरवितो.

आता खरेखोटेपणा. वजन २६.७३ ग्रॅम, झिजेमुळे किंचित कमी, व्यास ३८.१ मिलिमीटर, शंभरात नव्वद भाग चांदी व दहा भाग तांबे. लोहचुंबकाला तो दाद देत नाही. दोऱ्याने बांधून पाण्यात तोलला, तर वजनात सुमारे २.६ ग्रॅमची घट दिसते. पुस्तकाचे पान उलटावे तसा उलटला, तर गरुड उलटा, डोके खाली केलेला दिसला पाहिजे. पुष्कळ नकली नाणी एवढ्यावरच उघडी पडतात.

पण चतुर लबाड चांदीला हातच लावीत नाही. गरुडाखाली, पानांच्या वेढ्याच्या बुडाशी, टांकसाळीचे एक चिमुकले अक्षर असते. सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’, न्यू ऑर्लिन्सचे ‘ओ’. फिलाडेल्फियाच्या त्या डॉलरवर काहीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोने १८९३ साली अवघे एक लाख डॉलर पाडले. त्यांतले उरले किती, हे आणखी अवघड. कारण १९१८ साली महायुद्धामुळे हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची टंचाई झाली. लोक नोटा देऊन रुपये मागू लागले. तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून सुमारे २७ कोटी डॉलर वितळविले आणि त्यांतली जवळजवळ २६ कोटींची चांदी हिंदुस्थानसाठी दिली. मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींतून तिचे पंचम जॉर्जचे रुपये झाले. कोणत्या सालचे किती डॉलर वितळले, ही नोंद कोणी ठेवली नाही. तुमच्या आजीच्या डब्यात त्या काळचा, कमळाखाली ठिपका असलेला मुंबईचा रुपया असेल, तर त्यात एखादा गरुड विरघळलेला असूही शकेल. चांदीला पूर्वजन्म आठवत नाही. आठवण राहते ती ठशात, आणि म्हणून लबाडीही ठशातच शिरते.

गेल्या दिवाळीच्या आधी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी असाच एक डॉलर आणला. त्यांचे सासरे बोटीवर खलाशी होते. पेटीच्या तळाशी तो एका पुरचुंडीत होता. साल १८९३, अक्षर ‘एस’. नातीने फोनवर शोधून किंमतही काढली होती : हजारो डॉलर! तिला त्याच वर्षी इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला होता. काकूंनी मनात सगळा हिशेब मांडला होता, हे त्यांनी न सांगताही कळत होते.

“सर, चिंच लावून लख्ख करून आणू का?” त्यांनी विचारले.

“काकू, आहे तसाच राहू द्या,” मी म्हणालो.

वजन बरोबर भरले. पाण्याने साक्ष दिली. गरुड हवा तसा उलटा झाला. झीज बेताची होती. मग भिंग घेतले. अस्सल १८९३ ‘एस’ डॉलरवर देवतेच्या कपाळपट्टीवरील ‘लिबर्टी’ या शब्दातल्या ‘टी’च्या माथ्याशी एक बारीक तिरकी रेघ असते, मूळ साच्यावरच ती होती. इथे ती नव्हती. अक्षराकडे पाहिले. टांकसाळीचे अक्षर जमिनीतून झाड यावे तसे नाण्यातून वर आलेले असते. या ‘एस’च्या पायाशी मात्र सभोवार एक काळी फट होती. कोणीतरी, केव्हातरी, ते आणून चिकटविले होते.

“डॉलर खरा आहे,” मी म्हणालो, “पण त्यावरचे अक्षर खोटे आहे.”

“म्हणजे मामंजींना कुणी फसवलं?”

“ते सांगता येत नाही. पण नाणे फिलाडेल्फियाचे आहे.”

यातली खरी टोचणी पुढेच होती. फिलाडेल्फियाचा १८९३चा डॉलरही काही रस्त्यावर पडलेला नाही. त्या साली तिथे चार लाखही पाडले गेले नव्हते. अंगी त्याची स्वतःची बरी किंमत होती. ते अक्षर चिकटले आणि तीही गेली. आता उरले जवळजवळ चांदीचे मोल. आमच्या पोथ्यांत असेच होते. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, कारण मधल्या काळात त्यात अपपाठ शिरले होते. पोथीचे बरे, की घुसलेले काढून टाकले तरी मूळ ओवी ठणठणीत राहते. नाण्यावरून खोटे अक्षर काढले, तर त्याचा व्रण राहतो.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. “मग फीचं दुसरं काही बघायला हवं,” एवढेच म्हणाल्या. त्या आवाजात तक्रार नव्हती. हिशेबाची वही पुन्हा पहिल्या पानापासून मांडणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. डॉलर पुरचुंडीत बांधता बांधता त्यांनी विचारले, “आता तरी चिंच लावायला हरकत नाही ना, सर?”

संग्राहकाच्या हिशेबाने आता खरोखरच हरकत नव्हती. तरी मी म्हणालो, “नका लावू. तो काळेपणा तुमच्या मामंजींच्या पेटीतला आहे. तेवढा अगदी अस्सल आहे.”