कनकीची शिकवणी

तांदूळ सडताना जे दाणे तुटतात, त्यांना आमच्या गोंदियात कनकी म्हणतात. इथे राईस मिल भरपूर, त्यामुळे कनकीही भरपूर! ती कुत्री एका मिलमागच्या कोंड्याच्या ढिगात सापडली. वर्षभराची असेल. मागचा पाय सुजलेला, रंग पांढुरका. नाव शोधावंच लागलं नाही.

शहरातले काही प्राणिमित्र अशा कुत्र्यांवर उपचार करतात आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणाकडे तरी ठेवतात. कनकी आमच्याकडे आली ती अशी, पाहुणी म्हणून. आधी डॉक्टर, मग लसी, मग घर. या लसी काही फक्त तिच्यासाठी नव्हत्या. आपल्या जिल्ह्यात नागझिऱ्याचं जंगल आहे, तिथे रानकुत्रे आहेत आणि गावातल्या कुत्र्यांचे रोग त्यांनाही लागू शकतात.

(दोस्तांनो, जखमी कुत्रं दिसलं तर एकट्याने उचलायला जाऊ नका हं! मोठ्यांना बोलवा. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की डॉक्टरांच्याही हातात फारसं काही उरत नाही.)

पाय बरा झाला, भीती मात्र जाईना. आबाजींची काठी नुसती जमिनीला टेकली की कनकी पलंगाखाली. तिथून गुरगुरायची.

‘‘एक ठेवून दे, सरळ होते!’’ आबाजी म्हणाले. त्यांच्या काळी बैल, कुत्रं, पोरं, सगळ्यांना एकच औषध!

पण जी काठीलाच भिते, तिला काठीने काय शिकवणार? गुरगुरणं म्हणजे ‘मला भीती वाटते, लांब राहा’ असं सांगणं. मारून ते बंद केलं तर भीती तशीच राहते, सूचना तेवढी बंद होते. मग कुत्रं न सांगता चावतं.

कॅरेन प्रायर नावाच्या बाई 1960 च्या दशकात हवाई बेटांवर डॉल्फिनना शिकवत. आता डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा कसा बांधणार? रागावलात तर तो पोहत निघून जाणार! म्हणून हवं ते केलं की शिट्टी आणि शिट्टीमागे मासा. पुढे हीच रीत त्यांनी कुत्र्यांसाठीही सांगितली. शिट्टीचा उपयोग का होतो, ते रशियाच्या पावलॉव्ह यांच्या प्रयोगांवरून कळतं. अन्नाआधी रोज एकच खूण मिळाली, की त्या नुसत्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं.

आमची शिट्टी म्हणजे जीभ टाळूला लावून ‘टक्’. आणि मासा म्हणजे उकडलेल्या कोंबडीचा लाखोळीच्या दाण्याएवढा तुकडा. मोठा तुकडा दिला तर पोट लवकर भरतं आणि वर्ग सुटतो!

पहिल्या दिवशी काठी अंगणाच्या पार त्या टोकाला ठेवली. कनकीने तिकडे पाहिलं की टक्, लगेच तुकडा. ‘लगेच’ म्हणजे लगेच! उशीर झाला तर बक्षीस कशाचं ते तिला कळत नाही. दुसऱ्या दिवशी काठी एक पाऊल जवळ. तिने ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली किंवा तोंड फिरवलं, की समजायचं घाई होतेय. काठी पुन्हा मागे. कंटाळवाणं वाटतं ना? आहेच तसं. रोज पाच-पाच मिनिटं, तीन वेळा.

तीन आठवड्यांनी काठी आबाजींच्या हातात गेली आणि तुकडेही त्यांच्याच हातात. ‘‘हे पोरगी कुत्रीले शिकवून रायली का मले?’’ असं म्हणत त्यांनी पहिला ‘टक्’ केला. कवळीमुळे तो ‘चक्’ असा निघाला, पण कनकीने चालवून घेतला.

खरा कठीण भाग याच्यापुढचा. ती फक्त माझ्याच हातून खाऊ लागली असती, तर दुसऱ्या घरी पुन्हा पलंगाखालीच गेली असती. म्हणून मी हळूहळू बाजूला झाले. शेजारच्या काकूंनी खाऊ दिला, दूधवाल्या दादांनी दिला. मी दारात नुसती उभी. ती माझ्याकडे न बघता काकूंच्या मागे गेली, त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण रात्री जेवण गेलं नाही.

आमगावच्या एका कुटुंबाने तिला घेतलं. सोबत मी एक कागद दिला: आधी टक्, मग खाऊ. गुरगुरली तर रागावू नका, लांब व्हा. कांदा आणि चॉकलेट अजिबात नको. नवा माणूस काठी घेऊन आला तर आधी दुरून दाखवा.

पहिला दिवस तिने काहीच खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांच्या धाकट्याला ‘टक्’ जमत नव्हतं, म्हणून त्याने टाळी वाजवली. ती आधी दचकली, मग थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि त्याच्या हातातून तुकडा घेऊन गेली.